नातू टारझनपेक्षा फास्ट, मग आजोबा स्लो होते का?

या महिन्यात पोहण्यावरचे प्रश्न ढिगाने आलेत. सुट्ट्या चालू आहेत, पोरं तलावात आणि पालक काठावर बसून एकमेकांच्या पोरांची टायमिंग विचारतायत, त्यामुळे साहजिकच आहे. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, चार प्रश्न घेतलेत. पहिलं पत्र मात्र जवळजवळ पूर्ण छापतेय, ते वाचून मी दोन दिवस हसत होते.

प्रश्न : ताई, मी गिरगावचा, वय ७८. पोहायला शिकलो आजोळी राजापूरकडे, विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मामाने मागून ढकललं तेव्हा. नंतर मुंबईत कॉलेजकडून स्पर्धांत उतरलो, १९६६ साली शंभर मीटर फ्रीस्टाइल १ मिनिट ९ सेकंदांत मारलं होतं आणि कॉलेजात मला पट्टीचा पोहणारा म्हणायचे. आता माझा नातू, वय १६, तेच अंतर ५८ सेकंदांत जातो. परवा जेवताना म्हणाला, आजोबा, तुमचं टायमिंग तर आमच्या क्लबातल्या लहान मुली मारतात. सुनेने त्याला दटावलं, पण मला राग नाही आला, खरंच प्रश्न पडला. साठ वर्षांत माणसाचं शरीर काही बदलत नाही, पाणीही तेच आहे. मग हे अकरा सेकंद गेले कुठे?

उत्तर : आजोबा, आधी नातवाला एक सांगा. १९५१ ला दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले, त्यात सचिन नाग यांनी शंभर मीटर फ्रीस्टाइलचं सोनं जिंकलं, टायमिंग होतं १ मिनिट ४.७ सेकंद. म्हणजे आशियातल्या त्या सोन्यापेक्षा तुम्ही सव्वाचार सेकंद मागे होतात, तेही राजापूरच्या विहिरीत डबा बांधून शिकून. आता त्याला विचारा आजच्या आशियातल्या सगळ्यात फास्ट माणसापासून तो किती मागे आहे. चीनच्या पान झानलेने २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये हेच अंतर ४६.४० सेकंदांत मारलंय, त्यामुळे नातवाचा हिशोब साडेअकरा सेकंदांचा निघतो. पोरगा चांगला आहे, ५८ काही खायचं काम नाही, पण तोंडाने जरा जास्त फास्ट दिसतोय.

आता तुमचा प्रश्न. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकला तलावच नव्हता, स्पर्धा समुद्रात घेतली, पाणी बर्फासारखं, आणि हंगेरीचा आल्फ्रेड हायोश अंगाला जाडजूड चरबी फासून उतरला आणि १ मिनिट २२.२ सेकंदांत जिंकला. मग १९२२ मध्ये अमेरिकेच्या जॉनी वाइसम्युलरने ५८.६ मारून पहिल्यांदा मिनिट फोडलं, हाच तो जो पुढे सिनेमात टारझन झाला, तुम्हाला नक्की आठवत असेल. म्हणजे तुमचा नातू टारझनच्या त्या टायमिंगपेक्षा फास्ट आहे, हे त्याला सांगू नका, डोक्यावर बसेल. १९७२ ला मार्क स्पिट्झ ५१.२२, १९७६ ला माँट्रियलमध्ये जिम माँटगोमेरी ४९.९९, आणि आता ४६.४०.

ह्यात गंमत अशी आहे की पाणी हवेच्या जवळपास आठशे पट दाट, आणि वेग वाढला की त्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि ताकद म्हणजे अडथळा गुणिले वेग, त्यामुळे दहा टक्के फास्ट जायचं तर ताकद साधारण तेहतीस टक्के जास्त लावायला लागते. नुसते दंड-बैठका मारून बारा सेकंद कमी करायचे म्हटलं तर माणसाचा बैल व्हायला पाहिजे. ट्रेनिंग वाढलं, खाणं सुधारलं, उंच पोरं या खेळात यायला लागली हे सगळं खरं आहे (आणि मधल्या काळात काही देशांनी पोरींना गोळ्या-इंजेक्शनं देऊन रेकॉर्ड काढले, पूर्व जर्मनीचं सगळ्यांना माहीत आहे, तेही विसरायला नको). पण माझ्या मते मोठा भाग असा की माणसाने पाण्याला ढकलणं जेवढं सुधारलं त्यापेक्षा पाण्याने माणसाला धरून ठेवणं जास्त कमी केलं.

तुम्ही शिकलात तेव्हा कोच काय सांगायचे आठवा. मान वर, नजर समोर, पाण्याची रेघ कपाळावर. डोकं वर केलं की पाय खाली जातात, म्हणजे तुम्ही पाण्यातून आडवं फळकुट नाही, तिरकं फळकुट ओढताय. आता पोरं तळाकडे बघत पोहतात, अंग एकदा या कुशीवर एकदा त्या कुशीवर, जेणेकरून खांदा पाण्याला छातीसारखा आडवा येत नाही. हाताचंही तसंच. अमेरिकेत डॉक काउन्सिलमन नावाचे कोच होते, स्पिट्झचे गुरू, त्यांनी पाण्याखालून फिल्म काढून बघितलं तर चॅम्पियन लोकांचे हात सरळ मागे न जाता नागमोडी फिरत होते, मग त्यांनी हात विमानाच्या पंखासारखं काम करतो असा सिद्धांत मांडला आणि जगभरच्या पोरांना तो नागमोडी हात शिकवला गेला, मलाही शिकवला होता. नंतरच्या अभ्यासात दिसलं की जास्त जोर तळहात आणि अख्ख्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या भागाने पाणी मागे दाबण्यातून येतो, म्हणून आता कोपर वर ठेवून हात लवकर उभा करायचा. मी पोरांना सांगते, हात ओढू नका रे, हात पाण्यात रोवा आणि स्वतः त्याच्यावरून पुढे जा, भिंतीवर चढताना जातो तसं. कळायला दोन दिवस लागतात आणि अंगात मुरायला दोन वर्षं.

मग तलाव. तुमच्या वेळचे तलाव म्हणजे चारी बाजूंनी उभी भिंत, लाट आपटली की परत तुमच्याच तोंडावर. लेनची दोरी म्हणजे दोरीला ओवलेली बुचं, शेजारचा जोरात किक मारत गेला की त्याचं पाणी तुमच्या नाकात. आता लेनच्या दोरीवर ज्या गोल फिरणाऱ्या चकत्या असतात ना, त्या शोभेला नाहीत, लाट त्यांच्यावर येऊन मोडते. काठ पाण्याच्या पातळीला, म्हणजे लाट वरून वाहून नाल्यात जाते, परत येत नाही. तळ खोल ठेवतात, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला तीन मीटर होता, आणि कडेच्या दोन लेन रिकाम्या सोडल्या होत्या. पॅरिसचा तलाव साधारण २.१५ मीटरच खोल होता, त्यावरून पहिले चार दिवस सगळे रडत होते की पूल स्लो आहे, आणि त्याच पुलात पान झानलेने ते ४६.४० मारलं. म्हणजे तलावालाही किती दोष द्यायचा याला मर्यादा आहेत.

आणि गॉगल! ही गोष्ट कोणी मोजतच नाही. ऑलिंपिकमध्ये गॉगल आले १९७६ ला. स्पिट्झने १९७२ ला सात सुवर्णं जिंकली ती उघड्या डोळ्यांनी, कॅप नाही, वर मिशी, आणि रशियन कोचला त्याने थाप मारली होती की मिशीमुळे पाणी तोंडापासून लांब जातं, असं तो स्वतःच सांगतो. पण शर्यतीत गॉगलने फार काही होत नाही, होतं ते प्रॅक्टिसमध्ये. क्लोरीनच्या पाण्यात तासाभराने डोळे मिरची पडल्यासारखे व्हायचे, रस्त्यावरच्या दिव्याभोवती इंद्रधनुष्य दिसायचं, तुम्हाला आठवत असेलच. गॉगल आले आणि दिवसाला दोनदा दोन-दोन तास पोहणं शक्य झालं. मला विचाराल तर त्या वीसेक ग्रॅम प्लॅस्टिकने जेवढे सेकंद कमी केले तेवढे कुठल्याच महागड्या सुटाने केले नसतील.

सुरुवात आणि टर्नचं थोडक्यात. आता ब्लॉकवर मागे तिरकी पट्टी असते, मागचा पाय त्यावर रोवून सूर मारतात, २००९-१० च्या सुमारास ती आली. जुन्या नियमात फ्रीस्टाइललाही टर्नला भिंतीला हात लावायला लागायचा, आता शरीराचा कुठलाही भाग चालतो, म्हणून पोरं कोलांटी मारून पायाने भिंत ढकलून निघतात.

नातवाला एक परीक्षा द्या. शिवाजी पार्कच्या तलावावर मी एकदा आमच्या पोरांना हे करायला लावलं होतं. ब्लॉक नाही, काठावरून सूर. गॉगल नाही, कॅप नाही. सैल चड्डी. टर्नला हात लावायचा, पाण्याखालून किक नाही. ५९ वाला पोरगा ६३ वर आला आणि बाहेर येऊन डोळे चोळत म्हणाला, मॅडम हे लोक पोहायचे कसे. आणि त्याची मान, हात, श्वास, सगळं आजच्या पद्धतीचं होतं, ते थोडंच काढून ठेवता येतं.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे, मुलुंडला क्लबमध्ये जाते. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे आणि बाकीच्या आया म्हणतायत की रेसिंग सूट घेतल्याशिवाय मेडल नाही. एकाची किंमत अठ्ठावीस हजार सांगितली. नवरा म्हणतो वेड लागलंय का. खरंच फरक पडतो का?

उत्तर : तुमच्या नवऱ्याला माझा नमस्कार सांगा. फरक पडतो, पण अकरा वर्षांच्या मुलीला नाही, आणि अठ्ठावीस हजारांचा तर नाहीच नाही.

सुटाची गोष्ट मात्र भारी आहे, ऐका. आधी लोकरीचे असायचे, ओले झाले की लोंबायचे, मग रेशमी, मग नायलॉन, मग लायक्रा. तोपर्यंत सगळा विचार एवढाच की कापड कमी करा आणि अंगाला चिकटवा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला ऑस्ट्रेलियाचे पोहणारे तर पायावरचे केस भादरून उतरले आणि ते फॅड अजून चालू आहे, मोठ्या स्पर्धेआधी आमची दाढी न आलेली पोरंसुद्धा रेझर मागतात. मग २००० च्या सुमारास विचार उलटा फिरला, कापड कमी नको, जास्त पाहिजे, पण कातडीपेक्षा गुळगुळीत. सिडनीत इयान थॉर्प मनगटापासून घोट्यापर्यंत काळ्या सुटात उतरला. आणि फेब्रुवारी २००८ मध्ये स्पीडोने एलझेडआर रेसर काढला, ज्याचं कापड निवडायला नासाच्या वाऱ्याच्या बोगद्यात चाचण्या झाल्या होत्या. शिवण नाही, अल्ट्रासाउंडने जोडलेला, वर पॉलियुरेथेनचे पट्टे. घालायला वीस-वीस मिनिटं, दोन माणसं मदतीला. तो पोट, छाती, मांड्या इतक्या आवळायचा की अंगाची नळी व्हायची, आणि दमल्यावर जे अंग ढिलं पडून पाय बुडायला लागतात ते होईना.

मग इतर कंपन्या गप्प बसतात होय, त्यांनी पट्टे कशाला, अख्खा सूटच पॉलियुरेथेनचा केला, जवळजवळ रबरच, पाणी आत जाणार नाही, माणूस वर तरंगणार. २००९ ला रोमच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये आठ दिवसांत ४३ विश्वविक्रम! जर्मनीच्या पॉल बीडरमानने २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये साक्षात मायकेल फेल्प्सला मागे टाकलं, १ मिनिट ४२ सेकंद, आणि तो रेकॉर्ड अजून तिथेच आहे. एकेका दिवशी इतके रेकॉर्ड मोडायला लागले की रेकॉर्डची किंमतच राहिली नाही, म्हणून १ जानेवारी २०१० पासून बंदी. आता फक्त विणलेलं कापड, पुरुषांना कमरेपासून गुडघ्यापर्यंत आणि बायकांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. बंदीनंतर मोठ्या तलावात पहिला नवा विश्वविक्रम यायला जुलै २०११ उजाडलं, रायन लॉक्टी, २०० मीटर मेडले (पोहण्याचे चारही प्रकार एकामागोमाग). तेव्हा सगळे म्हणत होते रबराचे रेकॉर्ड आता पन्नास वर्षं टिकणार. पण शंभर फ्रीचं बघा, सेझार सिएलोने रोमला त्याच सुटांच्या जमान्यात ४६.९१ मारलं होतं, पान झानलेने साध्या कापडात त्याहून अर्धा सेकंद कमी केला. सूट गेला, तंत्राने भरून काढलं.

आता तुमची मुलगी. हे सूट काम करतात ते आवळून, आणि आवळायला आधी मोठ्या माणसाचं अंग लागतं, अकरा वर्षांच्या काडीला काय आवळणार. अमेरिकेच्या जलतरण संघटनेने २०२० पासून १२ वर्षं आणि त्याखालच्या मुलांना असे टेक सूट वापरायलाच बंदी केली, उगाच नाही. वर हे सूट नाजूक, नख लागलं की फाटले, आणि काही स्पर्धांनंतर ढिले पडतात, म्हणजे पोरगी वाढायच्या आत सूट मरतो. साधा अंगाला घट्ट बसणारा कॉस्च्युम आणि कॅप घ्या, आणि कोचना सांगा टर्नवर काम करा. या वयातली पोरं भिंतीजवळ येऊन जी शांतपणे श्वास घेतात, इकडेतिकडे बघतात, मग निघतात, त्यात दोन सेकंद जातात हो, फुकटातले दोन सेकंद! बाकीच्या आयांना घेऊ द्या सूट.

प्रश्न : मॅम, मी कांदिवलीला कॉलेजला आहे, बॅकस्ट्रोक पोहतो. कोच सतत ओरडतात अंडरवॉटर वाढव, अंडरवॉटर वाढव. पाण्याखालून जर एवढं फास्ट जाता येतं तर अख्खी रेसच पाण्याखालून का नाही मारायची?

उत्तर : मारली होती की लोकांनी! १९५६ च्या मेलबर्नला जपानच्या मासारू फुरुकावाने २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं बरंचसं अंतर पाण्याखालूनच कापून सोनं नेलं, आणि लगेच नियम बदलला. मग १९८८ ला सोलमध्ये अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ, बॅकस्ट्रोकवालाच, सुरुवातीलाच पाण्याखाली गायब व्हायचा ते पस्तीसेक मीटर गेल्यावर वर यायचा. हीटमध्ये, म्हणजे आधीच्या फेरीत, १०० मीटरला ५४.५१ मारून त्याने विश्वविक्रम केला, फायनलला मात्र जपानचा दाइची सुझुकी, जो स्वतःही पाण्याखालूनच जात होता, ५५.०५ मध्ये जिंकला. प्रेक्षकांना तिकीट काढून रिकामा तलाव बघायला लागतोय म्हटल्यावर पोहण्याच्या जागतिक फेडरेशनने आधी १० मीटरची आणि मग १५ मीटरची मर्यादा घातली. बटरफ्लायला तीच १९९८ मध्ये आली.

कारण असं की पृष्ठभागावर पोहताना तू लाटा तयार करतोस, आणि लाट करायला ताकद जाते, ती तुझ्याच खिशातून. बोट जाते तेव्हा पुढे फुगवटा येतो बघ, भाऊच्या धक्क्यावर उभं राहून बघ कधी, तसा तुझ्या डोक्यापुढेही येतो. अर्धा-पाऊण मीटर खाली गेलास की लाट फारशी होतच नाही. सूर मारल्यावर किंवा भिंत ढकलल्यावर तुझा वेग असतो तेवढा परत कधीच नसतो, डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारायची) तो वेग टिकवते, बस्स. म्हणजे वर कधी यायचं हा खरा प्रश्न आहे. वेग पोहण्याच्या वेगाएवढा उतरला की वर ये, त्याच्या आधी नाही आणि नंतरही नाही. किक छातीपासून निघू दे, गुडघ्यापासून नको, आणि पाय वर जातानाही जोर लाव, बरेच जण फक्त एकाच बाजूला मारतात.

एक गोष्ट रागावून सांगते. दम धरायची प्रॅक्टिस एकट्याने करायची नाही. आधी जोरजोरात दहा-वीस श्वास घेऊन मग पाण्याखाली जायचं नाही. त्याने अंगातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यावासा वाटतच नाही आणि ऑक्सिजन संपून माणूस चुपचाप बेशुद्ध होतो, हात-पाय मारत नाही, ओरडत नाही, काठावरच्याला वाटतं मस्त पोहतोय. चांगले चांगले पोहणारे असे गेलेत. कोच काठावर असतील तेव्हाच.

प्रश्न : धावण्यात फोटो काढून हजारावा हिस्सा मोजतात, मग पोहण्यात दोघांना एकच सुवर्ण का देतात? मशीन नाही का त्यांच्याकडे? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : मशीन आहे, मुद्दाम वापरत नाहीत. १९७२ ला म्युनिकमध्ये ४०० मीटर मेडलेला स्वीडनचा गुन्नार लार्सन ४ मिनिटं ३१.९८१ आणि अमेरिकेचा टिम मॅकी ४ मिनिटं ३१.९८३, सोनं लार्सनला. सेकंदाचे दोन सहस्रांश म्हणजे त्या वेगाला तीनेक मिलिमीटर. मग लोकांच्या लक्षात आलं की दोन लेनमध्ये एवढा फरक तर टाइल्स बसवणाऱ्या गवंड्याच्या हातानेही पडतो. तेव्हापासून शतांशापर्यंतच मोजायचं आणि सारखं आलं तर दोघांना मेडल. २०१६ ला रिओत १०० मीटर बटरफ्लायला फेल्प्स, चाड ले क्लो आणि लास्लो चेह तिघेही ५१.१४, तिघांना रौप्य, कांस्य कोणालाच नाही.

त्याआधी स्टॉपवॉच घेतलेली माणसं असायची. १९६० ला रोममध्ये १०० फ्रीला हातातली घड्याळं अमेरिकेच्या लान्स लार्सनला फास्ट दाखवत होती आणि पंचांनी सोनं ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेव्हिटला दिलं, त्या भांडणानंतर हात लागला की घड्याळ थांबवणाऱ्या, भिंतीवरच्या टचपॅडची गरज सगळ्यांना पटली. शिवाय हाताने मोजलेलं टायमिंग जरा कमीच येतं, कारण पिस्तुलाचा आवाज ऐकून बटण दाबेपर्यंत क्षणभर जातो, आणि शेवटी हात भिंतीला लागताना दिसतच असतो त्यामुळे तिथे उशीर होत नाही. म्हणजे जुनी टायमिंग मशीनवर घेतली असती तर सेकंदाचा छोटासा हिस्सा वाढलाच असता. गिरगावच्या आजोबांनी हे शेवटचं उत्तर नातवाला दाखवू नये, पान फाडून ठेवलं तरी चालेल.